तेलाखालचे पाणी

आमच्या लहानपणी देवापुढे काचेच्या पेल्यात दिवा लावीत. आई पेला पाऊण भरून पाणी घाली, वर दोन बोटे तेल ओती आणि बुचाच्या तुकड्यात खोवलेली वात त्यावर तरंगत सोडी. एका दिवाळीत शेजारच्या पोरांपुढे मी ऐटीने सांगितले, "आमच्याकडे पेलाभर तेल जळते!" तेवढ्यात वात तडतडली आणि विझली. पोरे हसली. त्या पाण्याचा मला इतका राग आला, की मी पेला अंगणात उपडा केला. आई काहीच बोलली नाही.

तो पेला गेल्या दिवाळीत पुन्हा आठवला, एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. गोंडपिपरीच्या धानाच्या बांध्यांत वाढलेला हा मुलगा आता मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात 'मुंबई हाय'च्या तेलविहिरींवर काम करतो. १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. तिथे १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून ते निघू लागले. फराळ करताना मी सहज विचारले, "काय रे, किती तेल निघते तुझ्या विहिरीतून?"

तो हसला. "सर, आता तेलापेक्षा पाणीच जास्त!"

मला वाटे, जमिनीखाली तेलाचे तळे असेल. तसे नसते. चुनखडीच्या खडकाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते. वर वायू, मध्ये तेल, खाली खारे पाणी. आईचा पेलाच तो! तेल उपसावे तसे पाणी वर चढते. हावरेपणाने भराभर ओढले, तर ते शंकूसारखे उसळून थेट विहिरीत शिरते. मग नळीची खालची भोके सिमेंटने बुजवायची, वरच्या थरात नवी पाडायची, ओढ कमी करायची. तरीही आलेले पाणी मोठ्या टाक्यांत निवळू द्यायचे आणि त्यातला तेलाचा अंश काढूनच समुद्रात सोडायचे. गंमत अशी, की समुद्राचेच पाणी गाळून हे लोक मुद्दाम खडकात दाबतात. त्याच्या रेट्याने तेल विहिरीकडे सरकते. एका हाताने पाण्याला हाकलायचे, दुसऱ्याने बोलवायचे!

"एवढ्या खटाटोपापेक्षा विहीर बुजवून का टाकत नाही?"

"खर्च निघेनासा झाला की बुजवतोच, सर. पण घाईने नाही. आत तेल असते अजून."

इतक्यात आतून आईची हाक आली, "बाबू, दिव्यात तेल हाये का?"

सकाळपासून ती हे दहाव्यांदा विचारत होती. पंचाहत्तरी उलटल्यापासून तिचे असेच चालते. तेच प्रश्न, कधीच गेलेल्या माणसांची चौकशी. मी तोंडदेखले 'हो' म्हणतो आणि दार लोटून घेतो. त्या दिवशी मात्र तिच्यापाशी जाऊन बसलो. ती पुष्कळ बोलली; विकलेली म्हैस, बुडालेले धान, माहेरची वाट. मी मध्ये बोललो नाही. मग एकदम माझ्याकडे पाहून म्हणाली,

"त्या दिवाळीले तू पेला उपडा केला ना, बाबू? बूच तिरपं झालं होतं. वात पाण्याले लागली होती. तेल होतं अजून त्यात."

एवढी वर्षे हे तिच्या मनात होते, आणि मी दार लोटून घेत होतो.

संध्याकाळी मी काचेचा पेला शोधून काढला. पाणी मी घातले, तेल तिने ओतले. बूच सरळ आहे ना, हे दोघांनीही पाहून घेतले.