कंपाला स्वस्त आहे का?

मैंदर्गीहून चुलतभावाचा फोन आला की सलामदुआ झाल्यावर त्याचा प्रश्न ठरलेला असतो. "कंपाला सस्ता है बोलते, सच्ची क्या?" त्याचे पुण्यातले काम सुटण्याच्या बेतात आहे, धाकटीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे आहे. त्याला खरे उत्तर हवे आहे. चार वर्षे इथे राहूनही आम्हाला ते एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मैंदर्गी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्याचे, कर्नाटकच्या सीमेलगतचे आमचे गाव. तिथून युगांडाच्या राजधानीत आम्ही आलो ते पाइपच्या एका कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी मिळाली म्हणून. पूर्व आफ्रिकेत मराठी बोलणारा मुसलमान काही नवा नाही. केनियात मोंबासा-नैरोबीला कोकणी मुसलमानांची घरे शंभर वर्षांहून अधिक काळ आहेत. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे घातली गेली, तिच्यासाठी तीस हजारांवर हिंदुस्थानी मजूर समुद्रापलीकडून आणले होते. त्यातले अडीच हजारांच्या आसपास इथेच दगावले. आम्ही मात्र देशावरचे, काळ्या मातीतले. आमच्या खानदानात समुद्र ओलांडणारे आधीचे फक्त हाजी.

आता भावाच्या प्रश्नाकडे. न्टिंडा भागात दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर अशा घराला आम्ही महिना ९ लाख शिलिंग देतो. आकडा ऐकून अम्मींनी कपाळाला हात लावला होता. पण एका रुपयाला चाळीसच्या आसपास शिलिंग येतात. म्हणजे बावीस हजारांच्या आसपास रुपये झाले. मात्र तीन महिन्यांचे भाडे आधी मोजावे लागते. श्रीमंतांच्या कोलोलो टेकडीवर तर भाडे डॉलरमध्येच सांगतात. पहिल्या घरासाठी एका दलालाने नुसते दाखवण्याचे पैसे घेतले आणि मग फोन उचलणे बंद केले. ते पैसे आम्ही शिकवणी फी म्हणून सोडून दिले.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पंख्याची गरजच पडत नाही. मे महिन्यात सोलापूरच्या ४३-४४ अंशांत भाजलेल्या माणसाला ही केवढी नेमत आहे! वीज आधी पैसे भरून मीटरवर चढवायची; तिला इथे 'याका' म्हणतात. भाजी, केळी, अननस, आवाकाडो, सरोवरातली मासळी यांची रेलचेल आहे. नाक्यावर तव्यावरच्या चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून देतात, तिचे नाव 'रोलेक्स'. मुलांना तेवढे मिळाले की बस्स. पैसा जातो तो शाळेत. वर्षाच्या तीन टर्म असतात आणि एका मुलाची एका टर्मची फी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त. ज्याची मुले शिकती आहेत, त्याने स्वस्ताईची गोष्ट ऐकताना हे आधी मांडून पाहावे.

जोंधळ्याची कथा मात्र सांगितलीच पाहिजे. ज्वारी मुळात ईशान्य आफ्रिकेतली, तिथूनच हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. तेव्हा इथे पीठ सहज मिळेल अशा भरवशावर आम्ही नकासेरो बाजार पालथा घातला. लुगांडात ज्वारीला 'ओमुवेंबा' म्हणतात. मिळाली ती तांबडी, चवीला तुरट. आधणाचे पाणी घालून मळली तरी भाकरी थापताना कडा फुटायच्या. दुकानदाराने कौतुकाने सांगितले की या धान्याची बिअर छान होते, मोठ्या कंपन्या विकत घेतात! आम्ही नाऊजुबिल्लाह म्हणत पिशवी उचलली आणि पेज करून संपवली. आता सोलापूरहून येणाऱ्या प्रत्येकाला पीठ आणि शेंगाचटणी आणायला सांगतो. शेंगदाण्याचे मात्र इथल्या माणसांनाही आपल्याइतकेच वेड. उकडलेल्या मातोकेवर, म्हणजे हिरव्या केळ्यांवर, ते दाण्याची पातळ आमटी घालतात. आमच्या मोठीला आता ती घरच्या आमटीपेक्षा आवडते.

भाषेचे म्हणाल तर मैंदर्गीच्या माणसाला अवघड नाही. गावी बाजारात कानडी, शाळेत मराठी, घरात दखनी. इथे कचेरीत इंग्रजी, बाजारात लुगांडा, गेटवरच्या 'अस्करी'शी म्हणजे रखवालदाराशी थोडी स्वाहिली. लुगांडात दुकानाला 'एदूका', पुस्तकाला 'एकिताबो', साबणाला 'साबूनी'. किताब आणि साबण आपल्याआधीच येऊन बसलेले पाहून पहिल्या महिन्यात फार धीर आला होता.

घड्याळाने मात्र फसवले. इथे तास उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक, 'सावा एमू'. घरकामाला एक बाई ठरवल्या होत्या. अस्करीने निरोप दिला, उद्या 'सावा बिरी'ला येतील. बिरी म्हणजे दोन एवढे आम्हाला कळले होते. आम्ही सकाळीच बाहेर पडलो. त्या बिचाऱ्या आठला येऊन तासभर गेटवर थांबल्या आणि परत गेल्या. विषुववृत्त शहराच्या दक्षिणेला जवळच असल्याने दिवस-रात्र बाराही महिने जवळजवळ सारखे असतात. मगरिब वर्षभर साडेसहा ते सातच्या दरम्यान, रोजा कधीही आला तरी तेरा तासांच्या थोडा वर. यांच्या घड्याळाचा पहिला तास संध्याकाळी जिथे सुरू होतो, तिथेच आमचा इफ्तार.

जुम्म्याला जमेल तेव्हा जुन्या कंपालाच्या टेकडीवरच्या राष्ट्रीय मशिदीत जातो. तिचे काम इदी अमीनच्या काळात सुरू होऊन रखडले होते, ते पुढे लिबियाच्या गद्दाफींच्या पैशाने पूर्ण झाले. मिनारावर चढून पाहिले तर सगळे शहर टेकड्या-टेकड्यांचे दिसते. त्याच अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली होती. पन्नास हजारांहून जास्त माणसे घरदार टाकून गेली. अमीन मुसलमान म्हणून आपल्याकडे कोणी त्याची पाठराखण करत असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावे की घालवलेल्यांत इस्माइली, बोहरा, इस्नाअशरी अशी मुसलमान घरेही हजारोंनी होती. नव्वदच्या दशकात सरकारने मालमत्ता परत दिल्या, तेव्हा काही परतले. शहरातल्या जुन्या इमारतींच्या कपाळावर अजून हिंदुस्थानी नावे आणि साले कोरलेली दिसतात. एका वृद्ध गुजराती दुकानदाराने आम्हाला पहिल्या भेटीत एवढेच सांगितले, "नोकराला नीट वागवा. आम्ही दुकान सांभाळले, माणसे नाही सांभाळली."

तेव्हा ते बोलणे आम्हाला थोडे लागले होते. आमच्याकडे कोण नोकर? एक बाईच तर येतात. मुलांना त्यांनी स्वतःच 'सेंगा' म्हणायला शिकवले. सेंगा म्हणजे वडिलांची बहीण, आपली फुफी. त्यांना आम्ही महिना अडीच लाख शिलिंग देत होतो. बाकीचे यापेक्षा कमी देतात, हे आम्ही एकमेकांना पुन्हापुन्हा सांगत असू. आमची कंपाला स्वस्त होती ती बरीचशी या आकड्यामुळे.

मागच्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. इथे मगरिबची नमाज चालू होती, गावी साडेनऊ वाजून गेले होते. मुंबईला थेट विमान २०२३ च्या ऑक्टोबरपासून आहे, पण ते रोज नसते. त्या रात्री नव्हते. अदिस अबाबामार्गे तिकीट मिळाले, तेही एकाचेच परवडले. पुढे मुंबई, रात्रीची गाडी, सोलापूर, अक्कलकोट. फोनवर आम्हीच सांगितले, मय्यत थांबवू नका. दुसऱ्या दिवशी जोहरनंतर दफन झाले. आमच्यापैकी एकजण घरी पोहोचला तो जियारतीच्या दिवशी दुपारी. मुंबईच्या विमानतळावर पिवळ्या तापाच्या लशीचे कार्ड दाखवावे लागते, नाहीतर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. ते पासपोर्टमध्येच ठेवलेले होते म्हणून निदान ती वेळ आली नाही. भावाने एवढे तरी लिहून ठेवावे.

दुसरे आम्ही, मुलांना घेऊन कंपालातच राहिलो होतो. संध्याकाळी दार वाजले. शेजारची माणसे, अस्करी, वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली, थोडा वेळ गप्प बसली आणि उठताना प्रत्येकाने एक लिफाफा हातात दिला. आम्हाला काही कळेना. पैसे? आम्ही कोणाकडे मागितले नव्हते. परत करायला उठलो तर शिक्षिकाबाईंनी हात धरला. हे 'माबुगो', म्हणाल्या. पूर्वी बागंडा लोक मयताला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळत, आणि ते कापड शेजारीपाजारी आणून देत. आता कापडाऐवजी पैसे देतात. म्हणजे हे कफनाचे पैसे होते, ते परत करतात कोण?

सगळ्यात शेवटी सेंगा आल्या. ख्रिस्ती आहेत, पण आमच्या घरी येताना डोक्यावर ओढणी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या लिफाफ्यात वीस हजार शिलिंग होते. आम्ही देत असलेल्या पगारात ती दोन दिवसांची मजुरी होत होती. त्या रात्री गावी फोन करून आम्ही एकमेकांना हेच सांगत होतो, आणि दोघांनाही त्याच्या पुढे बोलता येत नव्हते. लिफाफ्यांची सगळी रक्कम अब्बांच्या नावाने वस्तीतल्या मदरशाला दिली. पुढच्या महिन्यापासून पगारही वाढवला. तो आधी का वाढवला नाही, याचे उत्तर आमच्याकडे नाही.

गावाहून परतताना अम्मींनी सेंगांसाठी शेंगाचटणीची वेगळी पुडी दिली होती. अम्मींना इकडे आणायचे की आम्ही परत जायचे, हे अजून ठरत नाही. इथे दवाखाना महाग, तिथे त्या एकट्या. भावाला आम्ही भाडे, फी, पगार सगळे आकडे लिहून पाठवले आहेत, आणि खाली अम्मींची औषधेही लिहिली आहेत.

सेंगांनी चटणी चाखली आणि विचारले, तुमच्या अब्बांना कोणत्या टेकडीवर ठेवले? इथे प्रत्येक कुळाची दफनाची जागा आपापल्या जमिनीत असते. आम्ही मोबाइलवर मैंदर्गीच्या कब्रस्तानाचा फोटो दाखवला. काळी सपाट माती, दोन लिंब, मागे तुरीचे शेत. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "टेकडीच नाही? मग लांबून कसे ओळखता?"