खिडकीत बसलेला गृहस्थ

होळीची राख थंड झाली की नागपुरात एकच प्रश्न फिरू लागतो : "काऊन हो, कूलर नाही काढला का अजून?" काढायचा म्हणजे माळ्यावरून, जिन्याखालून किंवा गच्चीवरच्या ताडपत्रीखालून बाहेर. मग तो अंगणात येतो. पत्र्याचं अंग, करडा नाहीतर फिका निळा रंग, कोपऱ्यांवर गंजाचे तांबूस डाग, तीन बाजूंना झडपांचे दरवाजे आणि चौथ्या बाजूला जाळीआड पंखा. गेल्या वर्षीच्या ताट्या काळ्या पडून खारानं कडक झालेल्या असतात. त्या उपटून फेकायच्या, टाकी घासायची, तळाला डांबर लावायचं, पंपात अडकलेला कचरा काढायचा, पंख्याला तेल पाजायचं. एवढी सेवा करून घेतल्यावर गृहस्थ लोखंडी स्टँडवर चढतात आणि घरातल्या सर्वांत चांगल्या खिडकीत जाऊन बसतात. मृग लागेपर्यंत तिथून हलायचं नाव नाही.

सर्वांत चांगली खिडकी, हेच तर दुखणं. जिथून कडुनिंब दिसायचा, सकाळचा उजेड यायचा, तीच खिडकी हा अडवतो. एखाद्या वास्तुरचनाकाराला हे दृश्य दाखवलं तर तो कपाळाला हात लावेल. निसर्गाशी जोडलेली वास्तू म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे जमिनीपासून छतापर्यंतची काच येते. काचेपलीकडे हिरवळ, अलीकडे पांढरा सोफा. वर्धा रोडवरच्या नव्या उंच इमारतींच्या जाहिरातींत हेच चित्र असतं. त्या हिशेबानं खिडकीतला हा पत्र्याचा ठोकळा निसर्गाचा वैरीच ठरायला हवा. माझं मत नेमकं उलट आहे. घराला बाहेरच्या हवेशी, झाडाशी, नदीशी बांधून ठेवणारा नागपुरात त्याच्याइतका इमानी दुसरा कोणी नाही. तो झाड दिसू देत नाही, पण घरात येऊ देतो.

आधी त्याची कुंडली पाहू. त्याचं पोट पाण्याचं आणि छाती मुळांची. चांगली ताटी वाळ्याची. वाळा हे गवत. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर उतरतात आणि बांधावरची, नदीकाठची माती धरून ठेवतात. जमिनीखालच्या अंधारात ओल शोधणारी ती मुळं इथे विदर्भातल्या उन्हाच्या तोंडावर उभी करायची आणि वरून पंपानं पाणी सोडायचं. बाहेरची कोरडी हवा पंखा त्यातून आत ओढतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना हवेतून सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. माठ हेच करतो, आपला घामही हेच करतो. मे महिन्यातल्या दुपारी पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्क्यांवर असली, तर ओल्या ताटीतून आलेली हवा 27-28 अंशांपर्यंत उतरते. एवढ्या कामासाठी हा खातो दीडशे ते अडीचशे वॅट वीज. दीड टनी एसीला साधारण दीड हजार लागतात.

ज्यांना वाळा परवडत नाही त्यांच्या ताटीत लाकडाचा घास भरतात, आणि हल्लीच्या प्लॅस्टिकच्या देखण्या कूलरांत मधमाश्यांच्या पोळ्याच्या नक्षीचे कागदी पॅड असतात. ते टिकतात जास्त. पण पहिल्या दिवशी पंप सुरू झाल्यावर घरभर जो वाळ्याचा वास पसरतो, तो त्या कागदातून कसा येणार?

नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे, हे बाहेरच्याला आकड्यांनीच सांगावं लागतं. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली. 2024 च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रावर चक्क 56 अंश दिसले. पुढे हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण मधल्या काळात त्या आकड्यावर शंका घेणारा नागपूरकर मला तरी भेटला नाही. "असंल बाप्पा," एवढंच लोक म्हणाले. या गावात महाराजबागेतल्या वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांनाही उन्हाळ्यात कूलर लावतात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

आता स्वभाव. याचा खरा स्वभाव असा की याला बंद खोली सहन होत नाही. जेवढी हवा तो आत ढकलतो तेवढी समोरच्या खिडकीतून नाहीतर दारातून बाहेर गेली पाहिजे. दारं-खिडक्या लावून घेतल्या की अर्ध्या तासात खोली दमट होते, अंथरूण चिकटतं, आणि गृहस्थ नुसतेच घोंघावत राहतात. एसीचा धर्म याच्या बरोबर उलटा : खिडकी लावा, फट बुजवा, पडदा ओढा, दारातून जाणाऱ्या-येणाऱ्यावर खेकसा. कूलरवाल्या घरात आतली हवा दर दोन-तीन मिनिटांनी नवी होते, आणि ती थेट अंगणातून आलेली असते. चैत्रात कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा वास, शेजारच्या मोगऱ्याचा वास, कोणाच्या तरी फोडणीचा वास, सगळं ताटीतून गाळून आत येतं. धूळही येते. वळवाचा पाऊस कुठे दूर पडला असला तर त्याची वर्दी आधी याच्याकडून मिळते, हवा एकाएकी जड लागते आणि घरातलं म्हातारं माणूस डोळे न उघडता सांगतं, "कुठंतरी पडला."

आवाजाची बाजू मात्र लंगडी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. भर दुपारी तांबट झाडावर ठोके देत असतो, कोकीळ गळा काढत असतो, आणि याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. वीज गेली की सगळे पक्षी एकदम बोलू लागतात. तेवढ्यापुरते आपण महावितरणचे आभार मानतो, पुढच्याच मिनिटाला शिव्या देतो.

त्याचं पाणी कुठून येतं हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. पेंच सातपुड्यात उगम पावते, वाघांच्या जंगलातून वाहत येते, तोतलाडोहला अडते, तिथून नवेगाव खैरीच्या वाटेनं शहराकडे वळते. नागपूरच्या नळाचं बरंचसं पाणी हेच. सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी किंवा पाइपनं ते याच्या पोटात जातं आणि रात्रभरात हवेत विरून जातं. (भरतं कोण, हा वेगळा विषय. कूलरसमोर आडवं होणारा आणि कूलर भरणारा हे एकच माणूस असल्याचं फारशा घरांत दिसत नाही.) 2019 च्या जुलैत पाऊस लांबला, तोतलाडोह आटला आणि महापालिकेला पाणी दिवसाआड सोडावं लागलं, तेव्हा जंगलातल्या एका धरणाची पातळी शहरातल्या प्रत्येक खिडकीपर्यंत येऊन पोचली. एसीच्या थंडाव्यासाठीही कोळसा जळतो, औष्णिक केंद्रांना पाणी लागतं; पण ते कोराडीला, नजरेआड. कूलर मात्र टाकीत डोकावून पाहायला लावतो.

शिवाय तो गळतो. न गळणारा कूलर मी पाहिलेला नाही. स्टँडच्या खाली ठिपक्यांची ओल धरते, तिथे कोणीतरी अळूचा कांदा खोचतं, कोणी पुदिना लावतं, नाही लावलं तरी दूर्वा आपणहून येतात. मे महिन्यात सगळं अंगण करपलेलं असताना हा हातभर तुकडा हिरवागार असतो. बुलबुल आणि चिमण्या झडपांवर बसून थेंब टिपतात. एरवी सावलीतून न हलणारं मांजर दुपारभर तिथेच पडून असतं. लँडस्केपिंगचा ठेका कोणाला दिलेला नसतो.

घराण्यानं म्हणाल तर तो जुना आहे. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, साहेब लोक सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांत राहू लागले. बडे साहेब उन्हाळ्यात पचमढीला पळायचे. जे मागे राहत त्यांच्या दारांवर वाळ्याच्या ताट्या टांगल्या जात आणि कोणीतरी गरीब माणूस दिवसभर त्यांवर पाणी मारत उभा राही. पुढे त्या माणसाची जागा पंपानं घेतली, वाऱ्याची जागा पंख्यानं घेतली, आणि साहेबाची ताटी इतवारीतल्या दुकानदाराच्या खिडकीत आली. इथून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामला तर तेवढंही नव्हतं. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले ते ऐन एप्रिलअखेर. मीराबेननं आसपासच्या मातीनं, बांबूनं, कवेलूंनी उभी केलेली कुटी, जाड भिंती, पुढे पडवी, आणि उन्हाळ्यात बापूंच्या कपाळावर ओल्या मातीची पट्टी. त्या पट्टीत आणि ताटीत शास्त्राच्या दृष्टीनं काही अंतर नाही. बापू कुटी बघायला आलेले वास्तुकलेचे विद्यार्थी भिंतीची जाडी मोजतात. कपाळावरच्या पट्टीकडेही त्यांनी पाहावं.

दोष? आहेत. एक तर तो शॉक देतो. पत्र्याचं अंग, पायाखाली पाणी, अर्थिंगचा पत्ता नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात यापायी जीव जातात, महावितरण दरवर्षी सूचना काढतं, आणि लोक दरवर्षी ओल्या हातानं झडप उघडतात. दुसरा दोष ऋतूचा. ऑगस्टमध्ये 32 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असली की याच्या ताटीतून हवा जेमतेम दोन-तीन अंश उतरते. तेव्हा त्याची फुशारकी संपते. पण बरेच लोक आळसानं त्याला खिडकीतच ठेवतात. मग तळच्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळतात, महापालिकेचे कर्मचारी टॉर्च घेऊन घरोघर येतात आणि त्याच्या पोटातलं पाणी रस्त्यावर ओततात. मानी माणसाला असा निरोप मिळू नये.

नव्या इमारतींत याची जी परवड चालली आहे ती मात्र त्याच्या दोषांमुळे नाही. सुधार प्रन्यासाच्या जुन्या लेआउटमधल्या घरांना, धरमपेठेत म्हणा, बजाजनगरात म्हणा, चारी बाजूंनी जागा होती, पुढे व्हरांडा होता, समोरासमोर खिडक्या होत्या. कूलरसाठी म्हणून कोणी काही बांधलं नव्हतं; घर मुळातच वाऱ्यासाठी बांधलेलं होतं, म्हणून कूलर आला तेव्हा त्याला जागा मिळाली. आताच्या फ्लॅटच्या नकाशात एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी कठडा असतो, त्याच्या तांब्याच्या नळ्यांसाठी भोक असतं. कूलरसाठी काही नसतं. पश्चिमेला काच असते, तीही निम्मी न उघडणारी. दुपारी तीनला ती काच जे ऊन आत घेते ते बाहेर फेकायला एसी लागतो, एसीसाठी खिडकी लावावी लागते, आणि खिडकीपलीकडचा अंबाझरीचा तलाव ज्यासाठी जादा पैसे मोजले तो पडदा ओढून झाकावा लागतो.

असं नाही की तोडगा कोणाला सुचलेला नाही. अहमदाबादला टॉरेंट रिसर्च सेंटरच्या इमारतीत, 1990 च्या दशकात, अभिक्रम या संस्थेच्या वास्तुरचनाकारांनी मोठे मनोरे उभारले. माथ्यावर पाण्याचा बारीक फवारा, थंड होऊन जड झालेली हवा आपोआप खाली उतरते, मजल्यांतून फिरते आणि कडेच्या धुराड्यांतून निघून जाते. अख्खी इमारतच कूलर. घरांसाठी केंद्र सरकारनं 2018 मध्ये इको निवास संहिता काढली. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात मोडतं तिथे उघडता येणाऱ्या दारा-खिडक्यांचं क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान 12.5 टक्के असावं, असं ती सांगते. उघडता येणाऱ्या, हा त्यातला मुख्य शब्द. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला तीन फुटांचा एक ओटा, जवळ नळ, खाली पाणी जायला मोरी, नीट अर्थिंग, आणि समोरच्या भिंतीत वर एक झरोका : एवढं नकाशात आधीच काढलं तर गृहस्थ कोणाची खिडकी अडवणार नाहीत. उजेडाची खिडकी उजेडाला, वाऱ्याची वाऱ्याला. खर्च काय तो एका ओट्याचा आणि एका नळाचा.

तोवर त्याची माणसं आपापल्या परीनं जमवून घेतात. बऱ्याच सोसायट्यांना इमारतीच्या तोंडावर पत्र्याचे कूलर लटकलेले खपत नाहीत, शोभा जाते. मग तो मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी बसवतात. तिथून हवा स्वयंपाकघर ओलांडून हॉलमध्ये येते, आणि बाहेर जायला वाट नसते म्हणून जिन्याकडचं दार अर्धवट उघडं ठेवून त्यात चप्पल अडकवतात. सातव्या मजल्यावरचं नवं बिऱ्हाड चार दिवस ते दार पाहत जातं आणि पाचव्या दिवशी न राहवून विचारतं, "काका, दार काऊन उघडं ठेवता हो? चोर-बीर..."

"कूलर चालू आहे ना. या, बसा. लय गार आहे आत."