चार वाजून अठरा मिनिटं

२८ सप्टेंबर २०१६. पितृपंधरवड्याचे शेवटचे दिवस. दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी ॲडलेडमधल्या आमच्या ऑफिसातले दिवे गेले. माझे ऑस्ट्रेलियन सहकारी एकमेकांकडे बघत राहिले. मी उठून खिडकीशी गेलो. लाइट गेले की आधी समोरच्या बिल्डिंगकडे बघायचं, सगळ्यांचे गेलेत की आपलेच, ही डोंबिवलीत लागलेली सवय. समोरच्यांचे गेले होते. त्यांच्या पलीकडच्यांचेही. चौकातले सिग्नल विझले होते आणि पाऊस आडवा लागत होता. थोड्या वेळाने कळलं की साउथ ऑस्ट्रेलिया हे आख्खं राज्य, आकाराने महाराष्ट्राच्या तिप्पट, अंधारात गेलंय. साडेआठ लाख ग्राहक.

मी प्रोटेक्शनवाला. लाइनवर फॉल्ट आला की कोणता ब्रेकर किती मिलिसेकंदांत उघडायचा हे रिले ठरवतो, आणि त्या रिलेत कोणता आकडा भरायचा हे माझ्यासारखा माणूस ठरवतो. काही वर्षं कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात काढली, मग इकडे आलो. त्यामुळे घरी जाताना गाडीत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: आधी काय ट्रिप झालं? गाडीतल्या रेडिओला असले प्रश्न पडत नव्हते. अर्ध्याहून अधिक राज्य अजून अंधारात असतानाच त्याला आरोपी सापडला होता. पवनचक्क्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनीही राज्यांची अक्षय ऊर्जेची उद्दिष्टं अवास्तव असल्याचं सुनावलं. राज्यात लेबर पक्षाचं सरकार होतं, केंद्रात लिबरल आघाडीचं. राज्याचे प्रीमियर जे वेदरिल म्हणाले, वादळाने टॉवर पाडले, चक्क्यांचा काय संबंध?

दोघांचंही अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कळायला काही महिने लागले. ग्रीड चालवणारी संस्था एईएमओ, इथे तिला सगळे ‘एमो’ म्हणतात, तिचा अहवाल मी कादंबरीसारखा वाचला. वावटळींनी उच्चदाबाच्या तीन लाइन पाडल्या. दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खाली बसलं. प्रत्येक पवनचक्कीच्या कंट्रोलरमध्ये एक आकडा भरलेला असतो: ठरावीक वेळात असे किती धक्के सोसायचे. तो ओलांडला की चक्की स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेते. नऊ विंड फार्मनी तो घेतला. सात सेकंदांत ४५६ मेगावॉट गेले. राज्याची मागणी त्या वेळी साधारण १,८०० मेगावॉट होती. ती तूट व्हिक्टोरियातून येणाऱ्या हेवूडच्या जोडलाइनवर पडली, तिने क्षणभर आपल्या कुवतीबाहेरचं ओझं ओढलं आणि सुटली. एकटं पडलेलं राज्य सेकंदाच्या आत बसलं. फ्रिक्वेन्सी इतक्या वेगाने घसरली की काही भाग तोडून बाकीचं वाचवणाऱ्या रिलेंना उघडायला अवधीच मिळाला नाही.

ज्या चक्क्यांमध्ये हा आकडा मोठा होता, त्या शेवटपर्यंत टिकल्या. वारा तोच, वादळ तेच. आणि हा आकडा असतो हे ग्रीड चालवणाऱ्यांना तोवर माहीतच नव्हतं. नंतर तो बदलला गेला. त्यासाठी ना कायदा करावा लागला, ना निवडणूक लढवावी लागली. अंधारातून ग्रीड उठवण्यासाठी पैसे देऊन राखून ठेवलेली दोन गॅस केंद्रं होती. त्या दिवशी दोन्ही ऐनवेळी कामाला आली नाहीत. ही गोष्ट मी इथल्या एकाही प्रचारसभेत ऐकलेली नाही.

पण कोळसेवाल्यांच्या आरडाओरड्यात एक खरा प्रश्न दडला होता, हे मान्य करायला माझ्या हरित मित्रांना फार जड गेलं. कुंभार काठीने चाक गरगरवतो, काठी काढून घेतो आणि चाक आपल्या वजनाने फिरत राहतं. औष्णिक केंद्रातला शेकडो टनांचा रोटर हे असंच चाक आहे. ग्रीडला धक्का बसला की वाफेचा व्हॉल्व्ह हलायच्या आतच हे चाक आपली गती देऊन वेळ विकत घेतं. पवनचक्क्या आणि सौर पॅनल इलेक्ट्रॉनिक्समार्गे जोडलेले असतात. त्यांच्याकडे हे जडत्व आपसूक नसतं. राज्यातलं शेवटचं कोळसा केंद्र, पोर्ट ऑगस्टाचं, मे २०१६ मध्येच बंद झालं होतं. प्रश्न बरोबर होता, ‘म्हणून कोळसा जाळत राहा’ हे उत्तर चुकीचं. २०२१ मध्ये राज्यात चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले गेले: इंधन नाही, वाफ नाही, फक्त ग्रीडबरोबर फिरणारं अवजड चाक. कुंभार नाही, मडकं नाही, नुसतं चाक. त्यांच्या उद्घाटनाचा फोटो कुणी घराच्या भिंतीवर लावला असेल असं वाटत नाही.

फोटो निघाले ते दुसऱ्याच गोष्टींचे. ८ फेब्रुवारी २०१७ ला ॲडलेडमध्ये उकाडा चाळिशीच्या पार गेला आणि संध्याकाळी भारनियमन करावं लागलं, तेही एका सॉफ्टवेअरच्या घोळाने गरजेहून कितीतरी जास्त. राज्यात गॅसचं एक युनिट तेव्हा थंड बसून होतं. दुसऱ्या दिवशी केंद्रीय अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन संसदेत कोळशाचं एक ढेकूळ घेऊन आले आणि घाबरू नका म्हणत बाकावरच्यांच्या हाती फिरवू लागले. हात काळे होऊ नयेत म्हणून ढेकळाला लाखेचा थर दिलेला होता. कोळशाच्या पोत्यातून काळी भुकटी कशी उडते हे ज्याने पाहिलंय, त्याला हा थर विसरता येत नाही.

मार्चमध्ये एलॉन मस्क यांनी ट्विटरवर पैज लावली: शंभर दिवसांत बॅटरी उभारून देतो, नाहीतर फुकट. शंभर दिवसांचं घड्याळ सुरू झालं तेव्हा निम्मं काम उभं राहिलेलं होतं, पण पैजेला असल्या तपशिलाचं वावडं असतं. १ डिसेंबर २०१७ ला जेम्सटाउनजवळ हॉर्न्सडेलची १०० मेगावॉटची बॅटरी चालू झाली, तेव्हा जगातली सर्वांत मोठी लिथियम-आयन बॅटरी. मॉरिसन यांनी त्याआधीच तिची तुलना रस्त्याकडेला उभारलेल्या अवाढव्य केळ्याशी आणि कोळंबीशी केली होती. दोन आठवडे झाले नाहीत तोच व्हिक्टोरियातलं ५६० मेगावॉटचं एक कोळसा युनिट रात्री ट्रिप झालं आणि हजार किलोमीटरवरून या बॅटरीने क्षणार्धात वीज दिली. किती? सात मेगावॉटच्या आसपास. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून छापलं. आमच्या हिशेबी ती मिठाची चिमूट. खरी गंमत वेगाची होती, आणि ती आम्ही दोघाचौघांनीच कॉफीच्या टेबलावर साजरी केली. ३१ जानेवारी २०२० ला वादळाने व्हिक्टोरियात टॉवर पडले आणि आमचं राज्य अडीच आठवडे उर्वरित ग्रीडपासून तुटून राहिलं. त्या वेळी बॅटरी होती, नव्या सेटिंग होत्या. दिवे गेले नाहीत. बातमीही झाली नाही.

एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा ऐकत ज्याचं इंजिनिअरिंग झालं, त्याला विजेवरून सरकारं हलणं नवीन नाही. शिवसेना-भाजप युतीने १९९५ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार मोडला आणि पुढे स्वतःच पुन्हा बांधला. पण ऑस्ट्रेलियाची कथा त्याच्यापुढची. २००९ मध्ये केविन रड यांची कार्बन योजना सिनेटमध्ये अडकली. तिला पाठिंबा देणाऱ्या टर्नबुल यांनी त्यापायी विरोधी पक्षाचं नेतृत्व एका मताने गमावलं. जुलै २०१२ मध्ये जुलिया गिलार्ड यांनी टनामागे २३ डॉलरचा कार्बनदर लावला. टोनी ॲबट यांनी दोन वर्षांत तो रद्द केला. टर्नबुल पंतप्रधान म्हणून परतले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा ऊर्जा धोरणाच्याच भांडणात गेले. केंद्रातलं सरकार तीन वर्षांचं, औष्णिक केंद्राचं आयुष्य पन्नास वर्षांचं. पैसे गुंतवणाऱ्याने कोणाकडे बघून विटा रचायच्या? त्याने रचल्याच नाहीत. जुनी केंद्रं म्हातारी होत गेली आणि नवी उभी राहिली नाहीत.

याची झळ कुणाला लागली ते व्हिक्टोरियातल्या लट्रोब खोऱ्यात जाऊन बघावं. हेझलवूडचं १,६०० मेगावॉटचं केंद्र, तपकिरी कोळशावर चालणारं, बंद करायचा निर्णय नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला आणि मार्च २०१७ अखेर ते थांबलं. पाच महिने. सोसायटीतल्या वॉचमनलाही आपण यापेक्षा बरी नोटीस देतो. (त्यानंतर तीन वर्षं आधी कळवण्याचा नियम आला.) मॉरवेलमधल्या एका निवृत्त फिटरने मला चहा पाजला होता. पर्यावरणवाद्यांवर त्याचा राग नव्हता. ‘आमच्यासाठी भांडतो म्हणणारे सगळे कॅनबेरातच भांडले,’ एवढंच तो म्हणाला. २०२० मध्ये तिथली आठही धुराडी सुरुंग लावून पाडली, तेव्हा लोक लांबून बघत उभे होते.

२०१९ च्या निवडणुकीत तर मी भारतीय म्हणूनच साक्षीला उभा राहिलो. क्वीन्सलँडमधल्या अदाणींच्या कारमायकल खाणीवरून देश दुभंगला होता, आणि ऑफिसात प्रत्येकाला माझं मत हवं होतं, जणू गौतमभाई आमच्या चाळीतले. दक्षिणेतून खाणविरोधकांचा ताफा क्वीन्सलँडला गेला, तिथले खाणमजूर चिडले, लेबरला तिथे फटका बसला आणि तोवर पंतप्रधान झालेल्या मॉरिसन यांचं सरकार पुन्हा निवडून आलं. खाण झाली, मूळ बेतापेक्षा बरीच लहान.

मग आली अणुऊर्जा. जून २०२४ मध्ये विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी सात जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी सरकारी खर्चाने अणुभट्ट्या उभारायचा बेत मांडला. मी तारापूरची वीज वापरून वाढलेला माणूस, मला अणूचं भय नाही. युरेनियम खणून जगाला विकणाऱ्या देशाने घरात ते वापरायला बंदी घालावी, यातला विनोदही कळतो. ती बंदी १९९८ ची, आणि ती आली लिबरल पक्षाच्याच जॉन हॉवर्ड यांच्या राज्यात: संशोधन भट्टीचा कायदा सिनेटमधून पार करण्याच्या सौद्यात. याच हॉवर्ड सरकारने २००० मध्ये घरांच्या सौर पॅनलना अनुदान सुरू केलं आणि २००१ पासून अक्षय ऊर्जेचं पहिलं राष्ट्रीय उद्दिष्ट लागू केलं. पुढच्या पंचवीस वर्षांतली भांडणं त्यांच्या पक्षाने आपल्याच जुन्या सह्यांशी केली. मे २०२५ मध्ये डटन निवडणूक हरले, स्वतःची जागाही गेली. माझा आक्षेप साधा होता. अणुभट्टी अहोरात्र एका लयीत चालली तरच तिचा खर्च निघतो. आणि या देशात भर दुपारी तिची वीज घेणार कोण?

कारण दरम्यान लोक छपरावर चढले होते. चाळीस लाखांहून अधिक घरांवर पॅनल आहेत, तिनात एक. श्रीमंत उपनगरांत कमी, कर्ज फेडणाऱ्या बाहेरच्या वस्त्यांत जास्त. कोळशाला मत देणारं क्वीन्सलँड यात आघाडीवर. माझा शेजारी पवनचक्क्यांना शिव्या घालतो, आयुष्यभर लिबरलला मत देत आला आहे, आणि त्याचं छप्पर माझ्याआधी चार वर्षं निळं झालं.

कळव्याला असताना मागणी चढू लागली की पोटात गोळा यायचा. इथे तो येतो मागणी उतरल्यावर. वसंतातला रविवार, ना पंखा ना हीटर, लख्ख ऊन. आपली दिवाळी नेमकी याच दिवसांत येते. दुपारी बाजारातला विजेचा दर शून्याखाली जातो, म्हणून आमच्या घरी चकल्या दीड वाजता तळतात. बायको म्हणते, सासूबाईंनी पहाटे उठवलं, नवऱ्याने भर दुपारी उभं केलं.

नोव्हेंबर २०२२. तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती. वादळात टेलम बेंडजवळ टॉवर पडला आणि राज्य पुन्हा आठवडाभर एकटं. ग्रीड उभं राहिलं. वादळ सरल्यावर स्वच्छ ऊन पडलं आणि छपरांवरची जास्तीची वीज बाहेर पाठवायला वाट उरली नाही. नव्या पॅनलना दुरून बंद करायची सोय होती, जुन्यांना नव्हती. त्यांच्यासाठी सबस्टेशनवरून व्होल्टेज किंचित वर नेलं, म्हणजे प्रत्येक घरातला इन्व्हर्टर आपापल्या सेटिंगनुसार आपणच सुटतो. तसे ते सुटलेही.

दुपारी शेजारी कुंपणाशी आला. मोबाइल पुढे धरला. एवढ्या उन्हात उत्पादन शून्य.

“कोणी बंद केलं हे? लेबरने?”

“तुझ्या इन्व्हर्टरमध्ये एक आकडा आहे,” मी म्हणालो.

“तो कोणी टाकला?”

मी त्याला आत बोलावलं आणि आदल्या महिन्याच्या चकल्यांचा डबा उघडला. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तासभर तरी लागणार होता.