चुनारगडचें कोठार

कादंबरीवरून केलेलें नाटक किंवा चित्रपट पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींचें बोलणें एकदां कान देऊन ऐकावें. त्यांतील निम्मीं माणसें "मुळांत असें नव्हतें" या तीन शब्दांनींच आरंभ करतात. हे शब्द उच्चारतांना त्यांच्या चेहऱ्यावर जो अधिकार येतो, तो कचेरींत वारसाहक्काचा दाखला मांडणाऱ्या मनुष्याच्या चेहऱ्यावर असतो तसला असतो. लेखकानें लिहिलें, प्रकाशकानें छापलें, पण खरी मालकी आपली. कारण आपण तें अगोदर वाचलें! चिं. वि. जोशी यांचे चिमणराव मुंबई दूरदर्शनवर अवतरले तेव्हां आमच्याकडील वडील मंडळी पहिले कांहीं दिवस याच अधिकारानें पडद्यासमोर बसत असत. पुढें दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनीं त्यांना असें जिंकलें, कीं पुस्तक पुन्हां उघडलें तरी चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्याच तोंडवळ्याचे दिसूं लागले. विनोदी कथेला हें साधतें. तिच्यांतलें घर, तिच्यांतली बायको, तिच्यांतला पाहुणा वाचकाच्या ओळखीचा असतो. अद्भुत कादंबरीची गोष्ट निराळी. तिच्यांतला किल्ला, भुयार, अरण्य हें सारें वाचकाला स्वतःच्या पदरच्या सामानांतून उभारावें लागतें. आणि आपण बांधलेल्या घरांत परक्यानें येऊन भिंती हलविलेल्या कोणाला खपतात?

माझ्या भाचीच्या घरीं हा वाद मीं पुष्कळदां जवळून ऐकला आहे. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीमालेवरून रचलेली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ पासून २०१९ पर्यंत चालली. तिच्या अखेरच्या पर्वांत भाची व तिच्या मैत्रिणी सोमवारीं भल्या सकाळीं उठून ती पाहत आणि कचेरीच्या गाडींत तिची उलटतपासणी घेत. तिसऱ्या खंडाच्या शेवटीं मेलेली एक माता सूडासाठीं पुन्हां उठते, तिला मालिकेनें समूळ गाळलें, हा त्यांचा मुख्य आरोप. हिमप्रदेशांतील मृतांचा जो राजा पडद्यावर सर्वांना भेडसावतो, तो पुस्तकांत त्या रूपानें मुळींच नाहीं, हा दुसरा. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. पण खरी गंमत पुढेंच झाली. मार्टिनसाहेबांचा पांचवा खंड २०११ सालीं निघाला. मालिका संपली तरी सहावा कांहीं बाहेर पडला नव्हता. कथा पुस्तकाची हद्द ओलांडून एकटीच पुढें चालली होती, आणि तरीही "मुळांत असें नाहीं" ही तक्रार थांबली नाहीं. "अग, मूळ लिहिलेंच गेलें नाहीं, मग तूं पडताळा घेतेस तो कशाशीं ?" असें मीं एकदां विचारलें. भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मामा, आम्हांला तें ठाऊक आहे."

हें उत्तर हंसण्याजोगें खरें. परंतु मला हंसूं आलें नाहीं. कारण याच जातीचें उत्तर सुमारें पंचवीस वर्षें अगोदर मीं कॉटन ग्रीनच्या आमच्या चाळींत ऐकलें होतें, आणि देणाऱ्यानें सबंध आयुष्यांत एकही पुस्तक वाचलेलें नव्हतें.

कॉटन ग्रीन या नांवानें नवख्या मनुष्याची फसगत होते. तेथें हिरवें असें फारसें कांहीं नाहीं; असलाच तर कापूसबाजाराच्या त्या भव्य इमारतीचा रंग. कापसाचा बाजार पूर्वीं कुलाब्याला भरे. पोर्ट ट्रस्टनें माझगांव-शिवडीकडचा किनारा बुजवून जमीन केली, तेव्हां गेल्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत तो इकडे आला आणि येतांना नांवही गांठोड्यांत बांधून घेऊन आला. बाजारामागून गोदामें आलीं, गोदामांमागून हमाल व मुकादम, आणि त्यांच्यामागून केव्हां तरी आमचे नाना. कापसाच्या गोदामांत गासड्यांचे आंकडे लिहिणें हें त्यांचें काम. राष्ट्रभाषेच्या परीक्षा त्यांनीं हौसेनें दिल्या होत्या. त्या हिंदीचा उपयोग गोदामांत होई आणि घरीं आल्यावर शेजारच्या खोलींतल्या काकांशीं गप्पा मारण्यांत होई. हे काका मिर्झापूर जिल्ह्यांतले. चुनारपासून त्यांचें गांव दोन कोसांवर. गिरणींत ते ब्लोरूममध्यें होते. दाबून बांधलेला कापूस फोडून, झोडून, मोकळा करणारें तें खातें. यंत्राच्या तोंडाशीं कापूस ठेवायचा आणि यंत्रानें तो आंत ओढून न्यायचा, हें त्यांनीं वीस वर्षें पाहिलें होतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसें एकाएकीं घरीं बसलीं. त्या वर्षाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, तें येथें उगाळीत नाहीं. आमच्या मजल्यापुरतें सांगायचें तर, एरवीं पाळी बदलतांनाच दिसणारीं माणसें दिवसभर दिसूं लागलीं, आणि संध्याकाळ कशी काढावी हा एक नवाच प्रश्न उत्पन्न झाला. नानांनीं त्यावर तोड काढली ती 'चंद्रकांता'ची. देवकीनंदन खत्री यांची ही हिंदी कादंबरी १८८८ सालची. ती वाचतां यावी एवढ्यासाठीं त्या काळीं अनेकांनीं नागरी अक्षरें गिरविलीं असें सांगतात. नानांची प्रत माझगांवकडच्या जुन्या बाजारांत घेतलेली, पुठ्ठा नाहीं, आरंभींचीं दोन-तीन पानेंही नाहींत. वास्तविक त्यांचा जीव नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर. शिकारीच्या वेळीं कड्यावरून कोसळून कमरेखालीं लुळा झालेला हा गृहस्थ अंथरुणावर पडून घोडदौडीच्या कथा लिहितो, याचें त्यांना फार वाटे. परंतु श्रोत्यांत मराठी न कळणारे तिघे-चौघे होते. मराठी मंडळींना हिंदी कळत होती, ती सिनेमाच्या कृपेनें. तेव्हां 'चंद्रकांता' ठरली. खत्रींच्या प्रकरणांना 'बयान' म्हणतात. रोज दिवेलागणीनंतर एक बयान, असा नेम पडला.

काकांना या कादंबरीनें घेरलें त्याचें एक कारण उघड आहे. नौगड, विजयगड, चुनार हीं ठिकाणें आम्हांला परीकथेंतलीं. त्यांना तीं जत्रेच्या वाटेवरचीं. गंगेच्या अगदीं कांठावर उभा असलेला चुनारचा किल्ला त्यांनीं लहानपणीं गुरें चारतां चारतां पाहिलेला. तो शेरशहाला लग्नाच्या संबंधांतून मिळाला वगैरे इतिहास नाना सांगत. काकांना राजा एकच ठाऊक, कादंबरींतला शिवदत्त. पण मला वाटतें, दुसरें कारण अधिक खोल होतें. खत्रींच्या तिलिस्मांत जादू नाहीं. माणसाला गिळणारा पांढरा बगळा आहे, आपोआप उघडणारे दरवाजे आहेत. मात्र शेवटीं प्रत्येक चमत्काराची कळ कोठें होती, कोणत्या मसाल्यानें काय घडलें, याचा हिशेब मिळतो. ऐयार रूप पालटतात तें रंगानें व युक्तीनें. शत्रूला बेशुद्ध करतात तें पुडींतल्या चूर्णानें, आणि शुद्धीवर आणतात तें लखलखा हुंगवून. ज्या दिवशीं बगळ्याचा खुलासा वाचला गेला त्या दिवशीं काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "मशीन है, बाबूजी ! हमारे खाते जैसा मशीन है !" ज्याला आपण अद्भुत म्हणतों तें त्यांना ओळखीचें वाटलें आणि ज्याला ते वीस वर्षें मजुरी म्हणत आले होते तें अद्भुत वाटलें. गिरणीचा भोंगा बंद असतांना त्यांना तें वाटावें, यांतली व्यथा मला त्या वयांत कळली नव्हती.

संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं; तो विरत गेला. काकांची गिरणी त्यांच्यापुरती पुन्हां उघडली नाहीं. ते एका गोदामावर रात्रीची राखण करूं लागले. नाना १९९१ मध्यें वारले. आणि १९९४ मध्यें दूरदर्शनवर 'चंद्रकांता' ही मालिका आली.

रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत. भुंवया वर चढवून "यक्कू" म्हणणाऱ्या क्रूरसिंहाची नक्कल पोरेंटोरें करीत. अखिलेंद्र मिश्र यांनीं तो क्रूरसिंह असा रंगविला, कीं मालिका त्याचीच होऊन बसली. कादंबरींत त्याच्या मानानें शिवदत्ताचें वजन अधिक. मला ती मालिका रंजक वाटे, अजूनही वाटते. गालिचा, तलवार, धूर, विजेचा लखलखाट, सगळें यथास्थित होतें. काका रात्रपाळी करून येत, न निजतां आमच्या खोलींत पडद्यासमोर बसत, आणि प्रत्येक भागानंतर एकच शेरा मारीत: "धुआँ बहुत है." कळ दाखवीत नाहींत, नुसता धूर दाखवितात, हें त्यांचें गाऱ्हाणें. पडद्यावरील किल्ल्याखालीं गंगा नाहीं, हेंही दुसरें. क्रूरसिंह मात्र त्यांना हास्यास्पद वाटे, कारण नाना त्याचीं वाक्यें अत्यंत हळू आवाजांत, अदबीनें, जणूं पगार कापल्याची नोटीस समजावून सांगावी तशीं वाचीत. "बाबूजी का क्रूरसिंह चिल्लाता नहीं था," असें काका म्हणत. म्हणजे त्यांचा पडताळा पुस्तकाशीं नव्हताच. तो बारा वर्षांपूर्वींच्या एका आवाजाशीं होता, आणि तो आवाज आतां फक्त आमच्या दोघांच्या कानांत उरला होता.

मग एका रविवारीं त्यांनीं विचारलें, "कोठारवाला बयान कब आयेगा ?"

कोठाराचा बयान असा: वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह कारकुनाच्या वेषानें चुनारगडच्या धान्यकोठारांत शिरतो. वही ताब्यांत घेतो. शिवदत्ताच्या शिपायांच्या देखत, त्यांच्याच सहीशिक्क्यानें, गांवांतल्या प्रत्येक घराला एकेक पोतें पाठवितो, आणि वहींत 'उंदरांनीं खाल्लें' असें लिहून निघून जातो. काकांना हा बयान तोंडपाठ होता. किती पोतीं, कोणत्या दारानें, शिक्का कोणत्या बोटांत, सगळें. मालिका पुढें पुढें गेली आणि कोठार कांहीं आलें नाहीं. काका रागावले. मुंबईच्या लोकांनीं मुद्दाम गाळलें, असें त्यांचें ठाम मत झालें.

मीं ती बिनपुठ्ठ्याची प्रत काढली आणि कोठार शोधूं लागलों. चारही भाग वाचले. कोठार नाहीं. पुढें 'चंद्रकांता संतति'चे भाग मिळवून तेही धुंडाळले. ते चोवीस आहेत, आणि या निमित्तानें माझीं कित्येक महिन्यांचीं बखोटीला मारलेलीं पुस्तकें तींच होतीं. कोठार तेथेंही नाहीं. तेजसिंह पुष्कळ वेष घेतो, गासड्यांच्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनाचा घेत नाहीं.

तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. त्या वर्षाच्या पावसाळ्यांत कोपऱ्यावरच्या वाण्यानें उधारी बंद केली होती. आमच्याकडे नानांचा पगार चालू होता. मजल्यावरील बाकीच्या घरांत तो नव्हता. आई पीठ मोजून देत असे व घेणाऱ्या बायका मान खालीं घालून घेत. त्याच सुमारास केव्हां तरी, पुस्तक डोळ्यांसमोर उघडें धरून, पानें यथाक्रम उलटीत, नानांनीं हा बयान वाचला असला पाहिजे. ते कांहीं लेखक नव्हते. मीं त्यांना पत्राखेरीज दुसरें कांहीं लिहितांना पाहिलें नाहीं. पण आवाजांत कोठेंही सांधा न दिसूं देतां त्यांनीं खत्रींच्या किल्ल्यांत एक दालन बांधून ठेवलें होतें. खत्रींना याचा विषाद वाटला असता असें मला वाटत नाहीं. १९१३ मध्यें ते गेले तेव्हां त्यांचा 'भूतनाथ' अर्धा राहिला होता आणि तो त्यांच्या मुलानें, दुर्गाप्रसादांनीं, पुरा केला. या घराण्यांत कथा पुढच्या पिढीनें वाढविण्याची चाल होतीच.

काकांना सांगावें कीं नाहीं, यावर मीं बरेच दिवस घालविले. सांगितलें नाहीं तर ते मालिकेला अन्याय करीत राहणार. सांगितलें तर त्यांच्याजवळचें एक पोतें मीं काढून घेतल्यासारखें होणार. शेवटीं सांगितलें, कारण ते रोज विचारीत. प्रत त्यांच्या हातांत दिली आणि म्हटलें, "काका, यांत तो बयान नाहीं. तो नानांचा असावा."

काकांनीं प्रत उलटसुलट करून पाहिली. अक्षर येत नसल्यानें त्यांनीं तिची जाडी अंगठ्यानें चांचपली, पुठ्ठा नसलेल्या जागीं बोट फिरविलें, आणि समजुतीच्या सुरांत मला म्हणाले, "बेटा, छापनेवाले ने निकाल दिया होगा."

१९९६ मध्यें मालिका बंद झाली. काका त्यानंतर वर्ष-दीड वर्षांत कायमचे गांवीं गेले. तेथून त्यांचें एकच पत्र आलें. अक्षर नातवाचें, शाळेंतल्या वळणाचें. पाऊसपाणी, गुरेंढोरें, माझ्या आईला नमस्कार असें सर्व झाल्यावर शेवटीं लिहिलें होतें कीं, नातवाला घेऊन चुनारच्या किल्ल्यावर गेलों होतों. गंगेच्या अंगाला एक बंद दरवाजा आहे, मोठें कुलूप आहे. पहारेकऱ्याला उघड म्हटलें, त्यानें उघडलें नाहीं. पण नातवाला जागा दाखवून ठेवली आहे.