एक जोडाक्षर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा वसतिगृहातील पहाटेची वंदना, भोजनगृहातली पंगत, पनवेलचा आषाढातला पाऊस असे अनेक विषय मनात येऊन गेले. त्यांवर आमचे सहकारी आमच्याहून सरस लिहितील. आम्ही मात्र एका जोडाक्षराविषयी लिहिणार आहोत. ते जोडाक्षर म्हणजे ‘द्ध’. तथागतांच्या नावात ते आहे, आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतही ते आहे. ती चूक या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसमोर मांडावी, असे बरेच दिवस वाटत होते.

आम्ही मराठी टंकलेखन शिकलो ते १९८८ साली. मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा द्यायची आणि कुठेतरी नोकरीला लागायचे, एवढेच ध्येय होते. आमच्या वाट्याला आलेल्या टंकयंत्रावर अर्ध्या अक्षरांच्या कळा होत्या. ज्या अक्षराला उभा दंड आहे, त्याचा दंड काढला की अर्धे अक्षर तयार होते. ‘ध’ला दंड आहे, म्हणून अर्धा ‘ध’ सहज मिळे. ‘द’ला तसा दंड नाही, त्यामुळे त्याचे अर्धे रूप हाताशी नसे. मग आम्ही शिकाऊ मुले अर्धा ‘ध’ आणि पूर्ण ‘द’ ठोकून मोकळे होत असू. ‘बुध्द’, ‘शुध्द’, ‘युध्द’, ‘पध्दत’ असे शब्द कागदावर उमटत. दिसायला ते जवळपास सारखेच. परीक्षकानेही कधी गुण कापले नाहीत. बोटांना जे वळण लागले ते लागले.

वास्तविक या शब्दात आधी ‘द’ आहे व नंतर ‘ध’. ‘बुध्’ म्हणजे जाणणे, जागे होणे. त्याला ‘त’ प्रत्यय लागून ‘बुद्ध’ झाला, म्हणजे जो जागा झाला तो. पाली भाषेचा नियमही स्पष्ट आहे. महाप्राण व्यंजनाचे द्वित्व होते, तेव्हा पहिले व्यंजन अल्पप्राण होते. म्हणून ‘दुक्ख’, ‘अत्थ’ आणि ‘बुद्ध’. ‘ध्द’ ही जोडी पालीत संभवतच नाही. हे आम्ही वर्गात शिकवीत होतो आणि कार्यालयात बसून त्याच्या उलट टंकित करीत होतो!

पुढे शाळेत संगणक आला. सुरुवातीचे फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली देवनागरीची चित्रेच होती. फॉन्ट बदलला की मजकुराचा काला होई. युनिकोड आल्यावर ही अडचण दूर झाली. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली आयएस १३१९४ हे मानक ठरविले. त्यासोबत जो इनस्क्रिप्ट कळफलक रूढ झाला, त्यात ‘द’ आणि ‘ध’ एकाच कळीवर आहेत. नुसती कळ दाबली की ‘द’, शिफ्टसह दाबली की ‘ध’. ‘द’ टंकायचा, हलन्ताची कळ दाबून त्याचा पाय मोडायचा, मग ‘ध’ टंकायचा. जोडाक्षर आपोआप तयार होते. ‘ल’च्या कळीवर ‘ळ’ आहे, ‘र’च्या कळीवर ‘ऱ’ आहे, आणि त्याच ‘ऱ’चा पाय मोडून ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ लिहिता येतात. एवढी सोय हाती आली, तरी आमची बोटे मात्र १९८८ सालीच राहिली होती. आम्ही ‘ध’चा पाय मोडून ‘द’च जोडत राहिलो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणक अक्षराचे रूप पाहत नाही, क्रम पाहतो. वाचणाऱ्या माणसाला ‘सिध्दार्थ’ आणि ‘सिद्धार्थ’ हे एकच नाव वाटते. संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न नावे आहेत.

काही वर्षांपूर्वी आपल्या माजी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी मदतनिधी उभारला. सहाशेंहून अधिक विद्यार्थ्यांची यादी आम्ही स्वतः संगणकावर भरली. कर्जतकडचा एक विद्यार्थी जूनमध्ये मदत मागण्यास आला. त्याचे नाव सिद्धार्थ. आम्ही त्या दिवशी रजेवर होतो. कार्यालयातील सहकाऱ्याने नाव योग्य रीतीने टंकून शोधले. संगणकाने उत्तर दिले, आढळले नाही. “यादीत तुझे नाव नाही, बाळ,” असे सहकाऱ्याने सांगितले. “सर, मी इथेच सहा वर्षे राहिलो,” एवढेच तो म्हणाला आणि एस.टी.ने परत गेला. प्रवेशाची मुदत टळली. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत तो हंगामी कामाला लागला.

ऑगस्टमध्ये यादी छापून नजरेखालून घालीत असता आम्हांला ते नाव दिसले. ‘सिध्दार्थ’. ते आम्हीच टंकले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिले आणि म्हणाली, “गुरुजी, आम्हांला वाटलं, शाळा विसरली त्याला.” आम्हांला उत्तर सुचले नाही. त्याला पुढील वर्षी प्रवेश मिळाला, आज तो पदवीधर आहे. तरी त्याचे एक वर्ष आमच्या बोटांनी खाल्ले, हे खरे.

यावर एका मित्राने आम्हांला हटकले. “शुद्धलेखनाच्या नावाखाली आपल्या माणसांना आजवर हिणवलेच गेले. आता आपणही तेच करायचे का?” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या वाडवडिलांना अक्षर नाकारले गेले, आणि अक्षर मिळाल्यावर त्यांच्या भाषेला ‘अशुद्ध’ म्हणून हसले गेले. माणसाच्या बोलीला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, असेच आम्ही मानतो. परंतु ‘ध्द’ ही कोणाची बोली नव्हे. ती यंत्राची अडचण होती आणि आम्ही तिची सवय करून घेतली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक आक्षेप आम्ही स्वतःलाच घेतला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोककालीन शिलालेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तो सापडला. तो दाखवायला आम्ही मुलांना नेतो. मुले विचारतात, “सर, अशोकाने ‘बुद्ध’ कसे लिहिले?” लुंबिनीच्या स्तंभलेखात ते ‘बुध’ असे आहे. त्या काळी ब्राह्मीत द्वित्व लिहिण्याची रीत नव्हती. मग ‘बुध्द’च तेवढे चूक का? कारण अशोकाच्या लेखनिकाने आपल्या काळाचा नियम सर्वत्र पाळला होता. आम्ही मात्र आपल्या काळाचा नियम ठाऊक असून आळसाने मोडला.

परदेशी असलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी यंदा इंग्रजी विभागासाठी पालीविषयक मजकूर पाठविला. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून रोमन लिपीत पाली छापण्याची परंपरा रुजविली. तिच्यात दीर्घ ‘आ’साठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ, ‘ट’साठी पायाशी टिंब, ‘ञ’साठी डोक्यावर नागमोडी रेघ असते. ‘ञ’चे चिन्ह विंडोजमध्ये ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडील अंकफलकावर ०२४१ टंकले की मिळते. दीर्घ ‘आ’साठी वर्ड प्रणालीत ०१०१ टंकून लगेच ऑल्ट व एक्स दाबावे लागते. आमच्या नववीच्या मुलींनी हे सारे अंक वहीत उतरवून घेतले आणि एकही रेघ वा टिंब न गाळता मजकूर पूर्ण केला. ‘पञ्ञा’ हा शब्द त्यांनी दोन्ही लिप्यांत बिनचूक टंकलेला पाहून आम्हांला धन्यता वाटली. बाबासाहेबांनी आयुष्याच्या धकाधकीत पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये ते सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्या कामाच्या मानाने शिफ्टची एक कळ दाबणे ते काय!

शाळेच्या प्रवेशद्वारावरील कोनशिलेत आजही ‘बुध्द’ असेच कोरलेले आहे. ती बदलावी का, यावर बैठकीत चर्चा झाली. ज्यांनी मजुरीतून रुपया रुपया जमवून ती बसविली, त्यांतील एक वृद्ध उपासक म्हणाले, “दगड राहू द्या, पोरांची नावं नीट करा.” तसेच ठरले.

या स्मरणिकेच्या अखेरीस सर्व तुकड्यांची नामावली दिली आहे. मुलींच्या मदतीने प्रत्येक नाव आम्ही जुन्या हजेरीपटाशी ताडून पाहिले आहे. तरीही कोणाचे नाव चुकले असल्यास कार्यालयास अवश्य कळवावे. ‘चालतंय’ असे म्हणून सोडून देऊ नये, ही नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!