दिल्लीचा हिरवा मार्च आणि घोडीचे पोट

होळी झाली की दिल्लीकर स्वेटर पेटीत टाकतात. राष्ट्रपती भवनाच्या बागेत (2023 पासून तिचे नाव अमृत उद्यान आहे) फुले पाहायला रांगा लागतात आणि त्या रांगांत नागपूर-पुण्याची मंडळी हमखास भेटतात. पहारा बदलण्याच्या सोहळ्यात राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे तुकतुकीत तांबूस घोडे दिसले, की मुले आईस्क्रीम विसरतात. हे दल 1773 साली बनारसला उभे राहिले. त्या घोड्यांचे खाणे-पिणे घड्याळाच्या काट्यावर चालते आणि डॉक्टर हाताशी असतो. त्यांची काळजी कुणी करण्याचे कारण नाही.

खरी काळजी यमुनेपलीकडे आहे. पुलावरून खाली पाहिले की नदीकाठच्या खादरच्या जमिनीवर हिरवेगार पट्टे दिसतात. त्यांतला बराचसा हिरवा रंग बरसीमचा. आपल्याकडे लसूणघास, तसे उत्तरेत बरसीम. हे मूळचे इजिप्तचे पीक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंधमार्गे हिंदुस्थानात आले आणि इथलेच होऊन गेले. ऑक्टोबरात पेरायचे आणि एप्रिलपर्यंत महिन्या-महिन्याने कापायचे. मार्चमध्ये ऊन चढू लागले की ते असे फोफावते, की कापणाऱ्याला उसंत मिळत नाही. सकाळी भारेच्या भारे गाड्यांवर लादून शहरात येतात.

दिल्लीच्या जुन्या भागातले टांगे 2010 च्या सुमारास बंद झाले, पण घोडा काही दिल्ली सोडून गेला नाही. गाझियाबाद, बागपतकडच्या वीटभट्ट्यांवर खेचरे आणि तट्टे विटा ओढतात. आणि लग्नाच्या घोड्या तर आहेतच. नवरदेव घोडीवर चढल्याशिवाय इथली वरात हलत नाही!

आता गंमत पाहा. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत उत्तरेत खरमास पाळतात. त्या महिन्यात लग्ने नाहीत, म्हणजे घोडीवाल्याची कमाईही नाही. दाण्याचा खर्च साहजिकच जड वाटू लागतो आणि स्वस्त, ताजे बरसीम समोर असते. काल रात्री वरातीत नाचलेली घोडी आज खुंट्याला उभी, अन् पुढ्यात हिरव्या चाऱ्याचा ढीग. काम थांबले आणि खाणे एकाएकी बदलले. पोटाच्या दुखण्याला याहून अधिक काय लागते?

गाय-म्हैस ढेकर देऊन पोटातला वायू बाहेर टाकते. घोड्याला नीट ढेकर देता येत नाही आणि उलटी तर नाहीच. त्याचे जठर देहाच्या मानाने अगदी लहान, चाऱ्याचे खरे पचन मागच्या मोठ्या आतड्यात होते. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात. या जिवांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन आठवडे तरी लागतात. त्याआधीच कोवळा, रसाळ चारा भरपूर पडला, तर आत वायूचा फुगा होतो. भारा ढिगात राहून गरम झाला असेल, तर विचारूच नका. उत्तरेत या दुखण्याला कुरकुरी म्हणतात. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे पाहते, घामाघूम होते, जमिनीवर लोळू लागते. लीद थांबते.

घरातले जाणते लोक मग ओवा-हिंग घातलेले तेल बाटलीने घशात ओततात. हे मात्र करू नये. तेल फुप्फुसात गेले तर बरी होणारी घोडीही दगावते. समोरचा चारा उचलावा, उभी राहत असेल तर सावकाश फिरवावे आणि ताबडतोब पशुवैद्याला बोलवावे. तो कानाने पोटाची गुडगुड ऐकतो, नाडी आणि हिरड्या पाहतो, गरज पडल्यास नाकातून जठरात नळी घालतो. आतड्याला पीळ बसला असेल तर शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही आणि ती घोडीवाल्याच्या आवाक्यात कुठली? अनेक घरांत एकच घोडी असते. मुलांची शाळा आणि खोलीचे भाडे तिच्याच पाठीवर.

टाळणे मात्र सोपे आहे, नि स्वस्तही. बरसीम पहिल्या दिवशी मूठभर, मग रोज थोडे वाढवत न्यायचे. ते गव्हाच्या कोरड्या भुशात कालवायचे, आधी कोरडा चारा खायला घालायचा, पाणी कायम समोर ठेवायचे आणि काम नसले तरी घोडीला रोज फिरवून आणायचे.

मराठी माणसाला हा मुलूख घोड्यांमुळेच ठाऊक. 1737 च्या मार्चअखेरीस थोरल्या बाजीरावांचे घोडदळ दिल्लीच्या वेशीवर, तालकटोऱ्यापर्यंत येऊन थडकले, ते याच हिरव्या दिवसांत. आणि चोवीस वर्षांनी पानिपतावर जनावरांना चाऱ्याची काडी मिळेना. ते पानिपत आज राजधानी परिसरातच मोडते. तिकडच्या शेतांतही मार्चमध्ये बरसीम डोलत असते.

वैशाखी उलटली की वराती पुन्हा निघतात. एखाद्या तबेल्यात आदल्या रात्री घोडी लोळली असेल, तर घरातले कुणी झोपलेले नसते. पहाटे लीद पडली की आधी घरात चहा होतो, मग झुलीवरची धूळ झटकायला घेतात.