ओटीपोटातली कळ

मासिक पाळीत ओटीपोटात येणारी कळ गर्भाशयाच्या आकुंचनाची असते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ते घडवतात. दुखणे बहुधा पहिले 2-3 दिवस टिकते. मुलींना दुखण्याचे हे कारण वर्गातच कळायला हवे. ‘सहन कर’ हे शिक्षण नव्हे. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पोटावर धरली की आवळलेले स्नायू हळूहळू सैल होतात, पोटाशी घेतलेले पाय सरळ होतात. हलका व्यायामही उपयोगी. आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, काही खाऊन, दुखणे सुरू होतानाच घ्यावी. कळ वाढल्यावर गोळी कमी लागू पडते. दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे.